डाव्या हाताची जागा

रायफल चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला कुणी बसत नाही. रिकामं, तापलेलं काडतूस त्या बाजूनं उडतं. म्हणून सोबतीचा माणूस नेहमी डाव्या हाताला. हदगाव-हिमायतनगरच्या पट्ट्यात माझे मामा रानडुकरं मारायला जायचे, तेव्हा ही डाव्या हाताची जागा माझ्या वडिलांची असे. दुसऱ्या कुणाला ती मिळत नसे. मी एकदा हट्टानं तिथं जाऊन बसलो, तर मामांनी तोंडावर सांगितलं की तू लातूरला जाऊन पंखे विक, इथं तुझं काम नाही. मी खरंच लातूरला पंखे विकतो, इलेक्ट्रिकचं दुकान आहे माझं. तरीही राग आला होता.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. फौजेतून सुटल्यावर मुदखेडला घर बांधून राहिले. त्यांच्याकडे परवान्याची तीनशे पंधराची रायफल होती. डुकरं पिकात शिरली की शेतकऱ्यानं तक्रार करायची, वनखात्यानं परवानगी द्यायची आणि मग मामांना निरोप यायचा. मामा जीप काढायचे आणि वाटेत हदगावजवळच्या आमच्या गावातून बाबांना उचलायचे. बाबांनी उभ्या आयुष्यात बंदुकीचा चाप ओढला नाही. त्यांना न्यायचे ते त्यांच्या कानांसाठी.

गोळी लागून डुक्कर जागेवर पडलं तर काही प्रश्न नसतो. पण पुष्कळदा ते लागलेल्या गोळीनिशी उसात नाहीतर तुरीत शिरतं, आणि जखमी डुकराच्या मागं उसात शिरणं म्हणजे स्वतःच्या पायांनी यमाच्या दारात जाणं. म्हणून या दोघांचा एक शिरस्ता होता. बार झाला की कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, तंबाखूसुद्धा चोळायची नाही. बाबा टोपी काढून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे, तोंड थोडं उघडं टाकायचे. तोंड उघडं असलं की बारीक आवाज जास्त येतो म्हणे. बराच वेळ असं बसून ते एकच शब्द सांगायचे. ‘गेलं’ म्हणजे पलीकडून निघून गेलं. ‘पडलं’ म्हणजे मेलं, चला उचलायला. तिसरा शब्द ‘बसलंय’. तो ऐकला की सगळे पाय न वाजवता मागं फिरायचे, कारण बसलेलं डुक्कर आल्या वाटेकडं तोंड करून बसतं आणि वाट बघतं.

मी विचारलं होतं त्यांना, एवढं तुम्हाला ऐकू तरी काय येतं? ते म्हणाले, वाळलेलं पाचट. डुक्कर श्वास घेतं तशी त्याची कूस हलते आणि कुशीला लागलेलं पाचट खसखसतं. मला बांधावरून कधी काही ऐकू आलं नाही. मामा मात्र त्या एका शब्दावर उसात पाय टाकत आले होते आणि जिवंत होते.

हे सगळं बिघडलं ते मामांच्या खांद्यापासून. मुदखेडच्या रेल्वे फाटकाजवळ त्यांची मोटारसायकल घसरली आणि उजव्या खांद्यात पट्टी-स्क्रू बसले. हाड जुळलं, पण रायफलीचा धक्का त्याच जागेवर बसतो. मामा सांगायचे नाहीत, पण आम्हाला दिसायचं. बार काढायच्या आधीच त्यांचा चेहरा आक्रसायचा, डोळे मिटायचे आणि नळी हलायची. त्या हंगामात डुकरं मेली कमी आणि जखमी जास्त झाली. बाबांच्या तोंडून ‘बसलंय’ फार वेळा निघायला लागलं. आईनं तर एकदा ताट वाढता वाढता सांगून टाकलं की ही रायफल आता दोघांपैकी एकाला खाणार. आईचं बोलणं आम्ही मनावर घेत नसू, कारण ती गॅसच्या सिलिंडरबद्दलही तसंच बोलायची.

नांदेडला एक बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. मामांची रायफल तिथंच जायची. तिथल्या कारागिरानं खांद्याची हकिकत ऐकली आणि नळीच्या तोंडाला ब्रेक बसवायला सांगितला. मझल ब्रेक. बोटभर लांबीचं पोलादी नळकांडं, दोन्ही अंगांना तिरप्या खाचा. गोळीच्या मागोमाग जो वायू सुटतो तो सरळ पुढं न जाता या खाचांतून बाजूला आणि थोडा मागं फेकला जातो, आणि त्या ओढीनं रायफल खांद्यावर आदळायची ती निम्म्यानं कमी आदळते. बाबांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि लगेच नाव ठेवलं, पुंगी.

कारागीर लपवाछपवी करणारा नव्हता. त्याच्या दखनीत तो म्हणाला, “गॅस तो निकलनेवालीच है साब. किधर निकालना, उतना बोलो. इसमें बाजूवाले को लगेगा.”

मामांनी बाबांकडं बघितलं. बाबा काउंटरवरची छऱ्याची बंदूक बघत होते. मान वर न करता म्हणाले, “माझं काय हाय, फौजी. तू तुझ्या खांद्याचं बग.”

तेवढ्यावर सौदा ठरला. नियमानं जे कागद करायचे ते करून पुंगी बसली आणि आम्ही कोरड्या ओढ्यात जाऊन बार काढून पाहिले. मामा पालथे झोपले, बाबा नेहमीसारखे डाव्या हाताला. मी आणि सोबत आलेले दोघं-तिघं गावकरी मागं जीपपाशी उभे होतो. पहिला बार निघाला आणि माझ्या कानशिलात कुणीतरी सणसणीत ठेवून दिल्यासारखं झालं. नळीच्या दोन्ही बाजूंचं वाळलं गवत आडवं झालं, धूळ उठली, बाबांच्या गळ्यातला गमछा उडून पाठीवर गेला. मामा उठून बसले तर चेहरा लहान लेकरासारखा फुलला होता. खांदा दाबून बघत म्हणाले, कायबी न्हाई, लोडावर रेलल्यावानी वाटून राहिलं. आम्हीही सगळे त्यांच्या खांद्याभोवती जमलो. दुखतंय का, इथं दुखतंय का, हात वर करून बघा. बाबा करंगळी कानात घालून हलवत होते आणि हसत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता वाचणारा म्हणेल, कानाला काही लावत का नव्हते? मामांच्या कानांवर फौजी सवयीची जाड टोपणं असायची. बाबांना ती चालत नव्हती. कान झाकून कान लावायचा कसा, असं त्यांचं म्हणणं. बार झाल्या क्षणापासून डुक्कर कुठं वळलं हे ऐकायचं असतं, टोपणं काढेपर्यंत ते चार वाफे ओलांडून गेलेलं असतं. मी बॅटरीवरची आणून दिली, मोठा आवाज अडवणारी आणि बारीक आवाज आत सोडणारी. एकदा लावून त्यांनी परत केली. वारा रेडिओवर लागल्यासारखा वाटतो म्हणाले, आणि मला वारा रेडिओवर ऐकायचा न्हाई. यापुढं बोलायची सोय नव्हती. माझ्या बापाशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, आईसुद्धा नाही.

पुंगीनं मामांचा नेम परत आला हे मात्र खरं. डुकरं जागच्या जागी पडायला लागली. उसात शिरायची वेळच फारशी येईना, त्यामुळं बाबांना कान लावायचीही वेळ येईना. म्हणूनच आम्हाला कळायला उशीर झाला, असं मला आज वाटतं.

पुंगीच्या दुसऱ्या हंगामात, दिवाळीनंतर, आई-बाबा लातूरला माझ्याकडं आले. संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. घरामागं मोकळा प्लॉट आहे, गवत माजलेलं. बाबा म्हणाले की यंदा रातकिडे राहिले न्हाईत, फवारणीनं सारे मेले. गावाकडंबी तेच हाय. मी हो म्हणणार होतो, एवढ्यात लक्षात आलं की रातकिडे तर किर्रर्र ओरडताहेत. एवढे की बायकोनं त्या बाजूची खिडकी लावून घेतली होती. मी बाबांकडं पाहिलं. ते गवताकडं बघत बसले होते, चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण.

मग मी त्यांच्यावर पाळत ठेवली. फोन उजव्या कानाला लावायची त्यांची सवय, तो आता डाव्या कानाला जात होता. उजवा कान रायफलीकडचा. माझी मुलगी पाठमोरी बोलली की ते नुसतं ‘हाव’ म्हणायचे, मग प्रश्न काही का असेना. तिनं विचारलं, आजोबा, शाळेत कुणाला मारायचात का? आजोबा म्हणाले, हाव. सकाळी चहाला बसले आणि म्हणाले की चिमण्या संपल्या जगातून. चिमणी तेव्हा ग्रिलवर बसून ओरडत होती.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या पेटीत बसवून वेगवेगळे आवाज ऐकवले, ऐकू आलं की बटण दाबायचं. बाबांनी बटण फार कमी वेळा दाबलं. डॉक्टर बाई शांत होत्या. म्हणाल्या, जाडे आवाज येतात त्यांना, माणसाचं बोलणं समोरून समजतं. बारीक आवाज गेले. उजव्याचे जास्त, डाव्याचेही बरेच. गेलेले परत येत नाहीत. मी विचारलं, पाचटाची खसखस? त्यांना कळलं नाही मी काय विचारतोय. मग मी टेबलावरच्या औषधाच्या चिठ्ठीचा कागद चुरगाळून दाखवला. त्या म्हणाल्या, नाही, हा आवाज त्यांना नाही येणार.

बाबा आमच्या तोंडाकडं बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि फौजीला सांगू नकोस म्हणाले. मी काही ऐकून घेतलं नाही. घरी पोचायच्या आत, चौकातच गाडी उभी करून मामांना फोन लावला आणि डॉक्टर जे बोलल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. पुंगीनं बाबांचे कान खाल्ले हेही सांगितलं, आणि जरा जास्तच जोरात सांगितलं.

मामा पुढच्याच दिवशी लातूरला आले. बाबांसमोर मांडी घालून बसले आणि खरं सांगा म्हणाले. बाबा हसले. म्हणाले, काचेच्या पेटीत बसवून टूं टूं वाजवलं तर कोणाला ऐकू येणार? ते काय रान हाय? रानात मला समदं येतं. मामांनी आवाज उतरवून दोन-चार गोष्टी विचारल्या, बाबांनी धडाधड उत्तरं दिली. मी बाजूला बसून चडफडत होतो, कारण मला दिसत होतं की बाबांचे डोळे मामांच्या ओठांवरून हलत नाहीत. मी तसं बोललोही. मामा म्हणाले, असू दे, दाजींचे कान मी बगितलेत. किती वर्षं त्यांनी त्या कानांवर जीव टाकला होता, त्यांना दुसरं काही पटणारच नव्हतं.

पण माझ्या फोनचा एक परिणाम झाला. मामांनी ठरवलं की पुंगीचा मारा दाजींवर आणखी पडू द्यायचा नाही, आणि आम्ही पुन्हा नांदेडच्या दुकानात गेलो. कारागिरानं कपाटातून एक नळकांडं काढलं, पुंगीहून जाड, दोन्ही तोंडं मोकळी. ब्लास्ट शील्ड. पुंगीवरून फिरवून बसवायचं. खाचांतून बाजूला सुटणारा वायू त्याच्या आतच अडतो आणि सगळाच्या सगळा पुढच्या तोंडातून निघून जातो. हा सायलेन्सर नव्हे, मी शेजारच्या दुकानदाराला हे हजारदा समजावलंय. आवाज कमी होत नाही, पलीकडचं गाव पहिल्यासारखंच दचकतं. फक्त बाजूला बसलेल्याच्या कानशिलात बसत नाही. बाबांनी त्याचं नाव डबा ठेवलं.

त्याच ओढ्यात त्याच जागी आम्ही दोन्ही लावून बघितलं. या वेळी डाव्या हाताला मी बसलो. आधी नुसती पुंगी. बार निघाला आणि मी रायफलीकडचा कान धरून ताडकन उठलो. डोक्यात शिट्टी वाजत राहिली, ती जेवणाच्या वेळेपर्यंत थांबली नाही. हे बाबांनी दोन हंगाम सोसलं होतं. मी रडायच्या बेताला आलो आणि मला त्यांचा संतापही आला. मग डबा चढवून बार. मोठाच आवाज, पण समोर गेला. गवत हललं नाही. हवा अंगावर आली नाही. मी म्हणालो की हाच ठेवायचा, विषय संपला.

मामांना विचारलं, खांदा? कारण डबा लावला की पुंगीचा उपयोगच संपतो, वायू बाजूला गेला नाही तर धक्का कमी व्हायचा कसा? एकीकडचं सुख काढून दुसरीकडं दिलं एवढंच. मामा पाठमोरे होऊन रायफल पुसत होते. म्हणाले, कायबी न्हाई, आता सवय झाली. मी समोर जाऊन चेहरा बघायला हवा होता, असं लोक म्हणतील. चेहरा बघूनही काही कळलं नसतं. ही दोन्ही माणसं दुखणं लपवण्यात तयार होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्यासाठी लपवत होता. त्याला काय नाव द्यावं मला माहीत नाही. माया म्हणा. मला त्या मायेची तेव्हाही भीती वाटली.

नंतरचा निरोप पुढच्या हंगामात, हिमायतनगरच्या अलीकडच्या एका गावातून आला. सोयाबीन शेंगांनी लगडलेलं आणि कळप रोज पहाटे येऊन लोळून जात होता. गाडी मी चालवली. बाबांना एकट्यानं त्या जागी पाठवायला माझं मन धजत नव्हतं, म्हणून दुकान बंद ठेवून आलो होतो. सोयाबीनला लागून ऊस होता, उंच, आडवातिडवा पडलेला, खाली पाचटाचा थर. शेतकरी म्हणाला की कळप उसातूनच निघतो. मामा आणि बाबा बांधाआड बसले. मला आणि शेतकऱ्याला त्यांनी मागं बाभळीखाली ठेवलं.

फटफटायला लागलं होतं. धुकं नव्हतं, वारा नव्हता. अशा वेळी रान बरं वाटायला पाहिजे. मला मात्र सारखं वाटत होतं की कुणीतरी आपल्याकडं बघतंय. शेतकऱ्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि उसाच्या कडेला बोट केलं. एक मोठा नर बाहेर येऊन उभा राहिला होता, एकटाच, नाक वर करून.

मामांनी रायफल खांद्याला लावली. माझं लक्ष डुकराकडं नव्हतं, मामांच्या पाठीकडं होतं. म्हणून मला दिसलं. बार निघायच्या आधी त्यांचा उजवा खांदा मागं ओढला गेला आणि मान दबली. जुनंच सगळं परत आलं होतं. आवाज झाला, डुक्कर मागच्या अंगावर बसलं, उठलं आणि मागचा पाय ओढत उसात शिरलं.

मग शिरस्त्याप्रमाणं सगळं थांबलं. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे मिटले. तोंड थोडं उघडं. मामा त्यांच्याकडं बघत होते. आम्ही बाभळीखाली श्वास रोखून उभे. इतक्या लांबून मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. उजेड वाढत गेला, उसाच्या शेंड्यांवर ऊन आलं. बाबांनी डोळे उघडले आणि मामांना शब्द दिला. तो आम्हाला ऐकू आला नाही, पण मामा उठून उसाकडं निघाले तेव्हा आम्हाला समजलं की शब्द ‘पडलं’ होता.

मी धावत निघालो. काय बोलणार होतो कुणास ठाऊक. मी पोचेपर्यंत दोघं उसाच्या तोंडाशी होते, बाबा पुढं, रक्ताचा माग बघत, मामा मागं. मी मामांच्या पाठीशी पोचलो आणि मला ते ऐकू आलं. बाबांच्या पुढून, जरा उजवीकडून, अगदी जवळून. खस. थांबून पुन्हा खस. कुणी झोपेत कूस बदलावी तसं. बाबांनी वर्षांपूर्वी मला सांगितला होता तसाच आवाज, आणि तो सांगणारा माणूसच तिकडं न बघता उभा होता.

मी ओरडलो. मामा ओरडले, “दाजी, खाली बसा!” बाबा वळले नाहीत. ते वाकून रक्त बघत होते. पाचट फुटलं आणि डुक्कर बाहेर आलं. मामांची रायफल खांद्याला होती, पण नळीसमोर बाबांची पाठ होती. ते खाली बसले असते तर त्यांच्या डोक्यावरून बार काढता आला असता. मामा पुन्हा ओरडले. त्यांचा आवाज फाटला. बाबांनी मान वळवली ती आवाजानं नाही, पायाखालची जमीन हादरली म्हणून वळवली, आणि तेवढ्यात डुकरानं त्यांना उचललं. ते बाजूला पडले आणि नळीसमोरची जागा मोकळी झाली. मामांनी अगदी जवळून बार काढला.

बाबांची मांडी गुडघ्याच्या वरपासून फाटली होती. गमछा बांधला, माझा शर्ट बांधला, शेतकऱ्याचं धोतर बांधलं. हदगावच्या दवाखान्यात टाके घालणं जमलं नाही, तिथून नांदेडला हलवलं. वाटेत बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मामा गाडी चालवत होते. मी बाबांशी बोलत राहिलो, मला पाचटाची खसखस ऐकू आली होती हेही सांगितलं, आणि ते माझ्या ओठांकडं बघून ‘हाव’ म्हणत राहिले.

पाय वाचला. रक्त चढवलं, वॉर्डात आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाले, “दाजी, बाराच्या आधीच डोळे मिटले माझे. पुंगी उघडी असती तर मिटले नसते.”

बाबा त्यांच्या तोंडाकडं बघत होते. शेवटचा शब्द संपल्यावरही बघत राहिले.

“मला कायबी ऐकू आलं न्हाई, फौजी,” ते म्हणाले. “तू माझ्याकडं बगून राहिला व्हतास. काईतरी सांगावं लागलं.”

मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. यांनी एकमेकांना मात्र सांगितलं नव्हतं, आणि आता सांगत होते, टाक्यांवर पट्टी बांधून झाल्यावर. मी तसं बोलून दाखवलं, वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली एवढ्या आवाजात. मामा खाली मान घालून ऐकत राहिले. बाबांना त्यातलं किती पोचलं माहीत नाही. शेवटी मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

परत आलो तर तो शेतकरी आला होता, पिशवीत केळी घेऊन. बाबांच्या पायाशी हात जोडून बसला. मग अपराध्यासारखं त्यानं सांगितलं की कळप आजही आला होता. मारला गेला तो एकटाच होता, मागचे सगळे तसेच आहेत. अर्धं सोयाबीन गेलं. परवानगीची मुदत अजून आहे. मामांनी मान हलवली, आता माझ्यानं व्हत न्हाई म्हणाले. कोणाच्या भरवशावर जाऊ?

बाबांनी हे शब्द त्यांच्या ओठांवर वाचले असावेत. त्यांनी उशीवरची मान माझ्याकडं वळवली आणि म्हणाले, “ह्यानं आइकलं व्हतं. आमच्या आधी.”

शेतकरी माझ्याकडं बघायला लागला. मामाही बघायला लागले. माझ्या आयुष्यात मामांनी माझ्याकडं असं पहिल्यांदाच बघितलं, माझ्याकडं काहीतरी आहे अशा नजरेनं. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता आणि ते डाव्या हातानं खांदा चेपत होते, बहुतेक त्यांच्या लक्षातही नसावं.

“कान तुझे चांगले हायत,” मामा म्हणाले. “तू डाव्या हाताला बसशील तर जातो मी. पर काय लावू, पुंगी का डबा? तू म्हनशील तेच लावतो.”

या विषयावर सगळ्यात जास्त तोंड माझंच चाललं होतं. घरात, दुकानात, फोनवर. पुंगी उघडी ठेवली तर मामांचे डोळे उघडे राहतात आणि माझा उजवा कान जातो. डबा चढवला तर कान राहतो, डोळे मिटतात आणि मग उसाच्या तोंडाशी बसून कुणालातरी एक शब्द सांगावा लागतो. हे सगळं मला पाठ होतं. मामा उत्तराची वाट बघत होते. बाबांना प्रश्न ऐकू आला नव्हता. कोण काय बोललं ते कळावं म्हणून ते एकदा माझ्या तोंडाकडं, एकदा मामांच्या तोंडाकडं बघत होते.